खाकरणारं विमान

आमच्या ठाण्याच्या हद्दीत काही वर्षं आभाळ खाकरत असे. बाहेरगावच्या माणसांना मी हे सांगते तेव्हा ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, की पोलीसभरतीत नुसतं धावायलाच लावतात, डोकं तपासत नाहीत काय? पण पांढरकवड्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या कुठल्याही खेड्यात जा आणि एखाद्या म्हातारीला विचारा. ती सांगेल, "व्हय वं माय, मेजरचं विमान खाकरे. मंग आमी पदर घेवो." आणि वर विचारेल, "तू त्याइच्यासंगची पोट्टी ना?"

ती पोट्टी मी. मारेगावकडच्या शेतकऱ्याची लेक, बारावी सायन्स, तेव्हा खात्यात नवीनच.

मेजर लष्करातले नव्हते. हवालदाराला मेजर म्हणायची आमच्या खात्यात जुनी रीत आहे. त्यांचं गाव म्हणजे महागाव तालुक्यातला एक तांडा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरायचे. मेजर हे मोठ्या अभिमानानं सांगत, आणि अर्थ विपरीत लावत. "आमच्या आज्यानं बैलावर मीठ वाह्यलं, मी आभाळातून कॅमेरा वाह्यतो. धंदा एकच हाय." उंच, काटकुळे, केस पांढरेशुभ्र आणि मिशा काळ्याभोर. कलपाची पुडी दोन्हीकडे पुरत नाही, म्हणून माणसानं आधी तोंड सांभाळावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ठाण्याला ड्रोन मिळाला तेव्हा तो कोणाच्या गळ्यात मारायचा, हा प्रश्न होता. ज्याच्याकडे काही काम नसतं त्याला नवीन यंत्र द्यायचं, ही सरकारी रीत. मेजरांची निवृत्ती जवळ आली होती, आणि मला मोबाइल बरा चालवता यायचा. आम्हा दोघांना नागपूरला शिकायला पाठवलं. परीक्षेत मेजर माझ्यापेक्षा बरे निघाले. हे त्यांनी पुढची सगळी वर्षं मला विसरू दिलं नाही.

पण ड्रोन हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. "ड्रोन लग्नात असते. पोलीसचं विमान असते," ते म्हणत. त्यात तथ्य होतं. आम्ही कुठल्याही गावात गाडीतून खोकं उतरवलं, की कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारायचा, "साहेब, हळदीचं आन लग्नाचं मिळून किती घेता?" एकदा तर नवरदेवाचा मामा गाडीच्या बॉनेटवर नारळ ठेवून गेला. मेजर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. नारळ मात्र संध्याकाळी फोडला.

गाडीत विमान मागे ठेवायचं नाही. ते मेजरांच्या मांडीवर, आणि त्याच्यावरून पट्टा. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. त्या वर्षी बंदुकांच्या ओळीत मेजरांनी आपलं विमान नेऊन ठेवलं आणि चारही पंखांना कुंकू लावलं. आमचे ठाणेदार तरुण, शहरात वाढलेले, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "मेजर, हे शस्त्र नाही." मेजर म्हणाले, "साहेब, डोळा हाय. डोळ्यापेक्षा मोठं शस्त्र कोणतं?" कुंकू मोटरीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी एक पंखा फिरेना, तेव्हा ठाणेदारांना बोलायला जागा मिळाली.

उंची मीटरमध्ये सांगायची तर मेजरांच्या जिवावर यायचं. त्यांचं माप सागाचं. "दोन साग उंच ने," "आता बाभळीइतकं खाली आण." अहवालात लिहायला ठाणेदारांनी एकदा उंची विचारली, तर मेजर सावधान उभे राहून म्हणाले, "साडेतीन साग, साहेब. तेही वयात आलेले." उन्हात हातातल्या यंत्राच्या पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून ते डोक्यावरून घोंगडी घेऊन बसत. वैशाखात, यवतमाळच्या उन्हात, काळी घोंगडी! आतून उकडलेल्या माणसाचा आवाज यायचा. मलाही पडदा बघावा लागे, पण एका घोंगडीखाली बाईमाणसासोबत बसायचं कसं? म्हणून त्यांनी घोंगडीला मधून उभा आडपडदा शिवून घेतला होता. त्यांचा एक भाग, माझा एक भाग, मधोमध यंत्र. गर्दीकडे बघून ते आधी जाहीर करत, "लेक हाय माही." मग आत शिरायचं.

तर खाकरणं. ते आमच्या अगदी पहिल्या कामापासून सुरू झालं.

एका गावातून बैलजोडी चोरीला गेली होती. आम्ही सकाळी सकाळी विमान उडवलं आणि नाल्याच्या कडेनं नेलं. पडद्यावर आधी पाणी दिसलं, मग धुणं, मग धुणाऱ्या आणि आंघोळ करणाऱ्या बाया. त्यांनी वर बघितलं आणि एकच गलका झाला. मेजरांनी यंत्र असं सोडून दिलं, की विमान पडता पडता मी सावरलं. दुपारी त्या बाया ठाण्यात आल्या. पुढे एक म्हातारी. तिनं मेजरांना विचारलं, "काहून रे, तुह्या घरी मायबहीण नाई का? माणूस घरात येते तं आधी खाकरते. तू आभाळातून येतं, न खाकरता?"

आमच्याकडे ही रीत सगळ्यांनाच माहीत आहे. घरचा मोठा माणूस उंबऱ्यापाशी आला, की खाकरतो. आतल्या बायांना कळतं, त्या पदर सावरतात, उठून उभ्या राहतात. ती चांगली की वाईट, यावर माझं मत वेगळं आहे. पण म्हातारीच्या बोलण्यानं मेजर काळेनिळे पडले. त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही. "माह्या उमरीत मले कोणी असं बोललं नोतं," एवढंच म्हणाले.

विमानाला भोंगा होता. गर्दीला सूचना द्यायला, पुराच्या वेळी लोकांना सावध करायला. मेजरांनी मला त्यात त्यांचं खाकरणं भरायला लावलं. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. सगळी सकाळ गेली. पहिलं त्यांना दमेकऱ्यासारखं वाटलं, दुसरं पुढाऱ्यासारखं. शेवटी पसंत पडलं ते असं: आधी एक बारीक, मग घसा मोकळा करणारं जाड, आणि मागून एक लांब 'हूंऽ'. म्हणजे आलो आहे, घाई नाही, सावकाश आवरा. त्यानंतर वस्ती, नाला, पाणवठा, बाया वेचणीला लागलेलं वावर, यांच्यावरून जायच्या आधी आमचं विमान खाकरायचं.

लोकांनी ते ज्याच्या त्याच्या परीनं घेतलं. पोरं शाळेत मास्तरच्या मागे तसं खाकरायला लागली. एका गावात मळणी चालू असताना वरून खाकरल्याबरोबर एक बाप्या हातातलं टोपलं टाकून हात जोडून उभा राहिला. त्याचा बाप मागच्याच वर्षी गेला होता आणि बाप असाच खाकरायचा म्हणे. खुलासा करायला आम्ही गेलो, तर त्यानं आम्हालाच जेवायला बसवलं. "आला तं खरा," एवढंच तो म्हणत होता. मेजरांनीही मग खुलासा केला नाही, वरणभात खाल्ला.

आता कोणी म्हणेल, असा माणूस कामात चोख असणार. छे! मेजर चुकायचे, आणि मोठ्या आवाजात चुकायचे. आमच्या कॅमेऱ्याला अंगाची ऊब दिसते. थंडीच्या दिवसांत एक आरोपी पळाला होता, तर मेजरांना वावराच्या कोपऱ्यात लालभडक ऊब दिसली. "पडून हाय लेकाचा! दारू पिऊन झोपला असन." अर्धं ठाणं काठ्या घेऊन धावलं, चारी बाजूंनी घेरलं, ठाणेदारांनी शरण यायला सांगितलं. ओल्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग होता तो. सोयाबीनचं कुटार भिजलं की आतून तापतं, हे शेतकऱ्याच्या पोरीला, म्हणजे मला, माहीत होतं आणि मी ते सांगतही होते. मेजर म्हणाले, "तू हळू बोलते." ढिगातून एक कुत्रं आळस देत बाहेर आलं. मेजरांनी बजावलं, की ऊब त्याचीच होती आणि त्यांचा अंदाज निम्मा बरोबर होता.

पुढची गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही. जंगलात नाल्याच्या काठी हातभट्टी लागायची. खबर पक्की होती, माणसं दबा धरून बसली होती. विमानानं जागा दाखवायची आणि आमच्या लोकांनी उडी घालायची, असं ठरलं. विमान निघालं, वाटेत एक पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, लागला, आणि विमान खाकरलं. रान शांत असलं की आवाज लांब जातो. आमची माणसं पोचली तेव्हा भट्टी पेटलेली, मोहाचा सडवा रटरटतो आहे, आणि माणूस औषधाला नाही.

ठाणेदार पहिल्यांदा चिडलेले बघितले मी. "मेजर, आपण चोराला खाकरून सावध करतो?"

"साहेब, वाटेत वस्ती होती."

"मग वस्ती गेल्यावर बंद करायचं!"

"बंद कराचं बटन ही दाबते," मेजर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. साफ खोटं! मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. ते रोज माझ्या टेबलावर बोरं ठेवून जायचे, आणि मी ती खायचे, पण बोलायचे नाही.

ठाणेदारांनी ताकीद दिली: विमान पुन्हा खाकरलं, तर ते मेजरांच्या हातून काढून जिल्ह्याला परत पाठवीन. मेजरांनी सलाम ठोकला आणि नवीन युक्ती काढली. खाकरायचं नाही ना, मग वस्तीवरून जायचंच नाही. समोर दिसणाऱ्या टेकडीला जायचं तरी आमचं विमान तीन गावांना वळसा घालून जाई आणि परत येताना दम संपून कोणाच्या तरी पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत, उतरे. मग आम्ही ते शोधत फिरायचं. शेतकरी विचारायचे, "मॅडम, काय हरवलं?" काय सांगणार, आभाळ हरवलं म्हणून?

मला ते फार आवडायचे, सांगून टाकते. माझा बाप चांगला आहे, पण बापाशी मी एवढी भांडत नाही. मेजर निवृत्त झाले तेव्हा मी ठाण्याच्या मागे जाऊन रडले. ते आता तांड्यातच असतात. पुढे विमानंही जिल्ह्याच्या एका पथकात गेली, आणि आता तिथे मी असते. नवीन यंत्रं चांगली आहेत, लांब जातात, आवाजही करत नाहीत. मेजरांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आवाज नाई करत? मंग तुमीच सांभाळून राह्या, बापा."

ते असं का म्हणतात, हे ज्या दिवसामुळे मला कळतं, त्या दिवसाबद्दल सांगते.

कापूस वेचणीचे दिवस होते. टेकडीच्या पायथ्याच्या एका गावातून एक माणूस सकाळी ठाण्यात आला. बरी शेती, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. त्याची सून पहाटेपासून घरात नव्हती. "डोक्यानं जराशी कमी हाय साहेब. रागारागात निंघून गेली. आमची इज्जत हाय गावात, गुपचूप शोधा." ठाणेदारांनी आम्हाला पाठवलं. आम्ही पोचलो तोवर गावाजवळच्या विहिरींत गळ टाकून झाले होते, आणि काही लागलं नव्हतं. शाळेच्या मैदानात सगळं गाव जमलेलं. सासरा पुढे, नवरा त्याच्या मागे, मान खाली घालून.

मेजरांनी घोंगडी अंथरली. वर जाताच पडद्यावर वावरं दिसायला लागली, आणि वावरावावरांत वाकलेल्या बाया. मेजरांचं बोट भोंग्याच्या बटनावर गेलं.

मी माझ्या भागातून कुजबुजले, "मेजर, साहेबांनी मना केलं हाय. विमान जाईन तुमच्या हातून."

"साहेब ठाण्यात हायेत, बाया वावरात हायेत," ते म्हणाले आणि बटन दाबलं.

वावरांमागून वावरं गेली. बाया वर बघायच्या, पदर सारखा करायच्या आणि पुन्हा कापसाला हात घालायच्या. मग गावापासून लांब, नाल्यापलीकडे, उंच वाढलेल्या तुरीत एक विहीर दिसली. कठडा नसलेली जुनी विहीर. तिच्या काठावर एक बाई बसली होती. पाय आत सोडलेले, डोकं उघडं.

मेजरांचा श्वास मला आडपडद्याच्या पलीकडून ऐकू येत होता. त्यांनी विमान जवळ नेलं नाही. लांबच थांबवलं आणि खाकरले. बारीक, मग जाड, मग तो लांब 'हूंऽ'.

बाई दचकली. आधी तिचा हात डोक्याकडे गेला. पदर घेतला. मग तिनं पाय वर ओढले, उठली आणि काठापासून मागे सरून, मान खाली घालून, अंग चोरून उभी राहिली. घरात मोठं माणूस आलं की सून राहते तशी. आजूबाजूला बघितलं. कोणी नाही. मग वर बघितलं. कॅमेरा जवळ ओढला तेव्हा तिचा चेहरा दिसला. माझ्याच वयाची होती. तिनं विमानाकडे बघून हात जोडले आणि मानेनं नाही म्हणाली. पुन्हा पुन्हा नाही म्हणाली. एका हातावर कोपरापर्यंत डाग होते, जुने आणि नवे.

"दिसलं तुले?" मेजरांनी विचारलं.

"दिसलं."

घोंगडीच्या बाहेर सासऱ्याचा आवाज आला, "साहेब, लागला का काई पत्ता?"

मेजरांनी तिथूनच ठाणेदारांना फोन लावला आणि इतक्या हळू आवाजात बोलले, की मलाही जेमतेम ऐकू आलं. "साहेब, सापडली. पण सापडली असं म्हणू नका. सासरचे लोक आधी पोचतीन तं थे परत विहिरीकडे जाईन. हिले पाठवतो. बाईपाशी बाईच गेली पायजे." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, मेजर "जी साहेब" म्हणाले. मग घोंगडीतून डोकं बाहेर काढून गर्दीला म्हणाले, "टेकडीच्या आंगानं पाहा लागते. ट्रॅक्टर काढा, सारे जा." खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे. त्या दिवशी घामानं निभावलं. ट्रॅक्टर टेकडीकडे गेला आणि मैदान रिकामं झालं.

"आन तुमी?" मी विचारलं.

"मी इथून हालत नाई. बॅटरी हाय तवरक तिच्यावर हाओ. तू पळ."

पोलीस पाटलाची मोटरसायकल घेतली. नाल्यापर्यंत वाट होती, पुढे नव्हती. गाडी टाकली आणि तुरीतून पळत सुटले. डोक्यात एकच होतं, बॅटरी. ती संपली की विमान आपोआप परत फिरतं, आणि मग त्या विहिरीपाशी ती एकटी. तूर तोंडावर आपटत होती, बूट ढेकळांत मुरगळत होते, आणि मी मनातल्या मनात मेजरांना शिव्या देत होते, की येताना तीन गावांना वळसा घातला नसेल ना!

जवळ गेले तेव्हा मला आवाज ऐकू आला. आभाळातून मेजर बोलत होते.

सूचना देण्यासाठी तो भोंगा होता. मेजरांना परक्या बाईशी बोलायची सवय नव्हती, काय बोलावं हे त्यांना कळलं नसणार. ते तिला त्यांच्या क्वार्टरच्या छताची गोष्ट सांगत होते. "...तं बाई, पावसाळ्यात टपटप, टपटप. मी म्हणलं, पत्रा टाकतो. बायको म्हणे, आधी मोरी बांधा. मोरी बांधली तं म्हणे, छत काहून गळते? आता मी काय करू, तूच सांग. उभी नको राहू बाई, सावलीत बस. हा बस. तं मंग मी कारागीर आणला, थो बेवडा निंघाला..."

विहिरीपासून बाजूला एक पळसाचं झाड होतं. ती त्याच्या खाली बसली होती. गुडघे पोटाशी, डोक्यावर पदर, तोंड वर केलेलं. ऐकत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला धाप लागली होती, बोलताही येईना. वरून मेजर म्हणाले, "बाई, ही पोट्टी आपली हाय. भांडखोर हाय, पण मनानं चांगली हाय. माही बॅटरी संपली आता. मी जातो." आणि विमान गावाकडे फिरलं. ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

"मले वाटलं मामाजी आले," ती म्हणाली. मामाजी म्हणजे सासरा. "खाकरणं आयकलं आन उठली. सवयच हाय ना. मंग पाह्यलं तं कोणीच नाई." मग म्हणाली, "घरी नको नेऊ ताई. तिकडे नाई जात मी."

तिला ठाण्यात आणलं. आतल्या खोलीत मी तिची तक्रार लिहून घेतली. हात कशानं भाजले, कोणी भाजले, सगळं तिनं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही. ठाणेदार समोर बसून ऐकत होते. विहिरीपाशी खाकरणं ऐकून आपण उठलो, हे तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मेजरांकडे एकदा बघितलं. नंतर त्या ताकिदीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

तेवढ्यात सासरा आला. टेकडीवरून परत आल्यावर त्याला कोणीतरी सांगितलं होतं. व्हरांड्यात त्याच्या वहाणा वाजल्या, आणि दारापाशी तो खाकरला. मुद्दाम नव्हे, सवयीनं. ती ताडकन उठली. हात पदराकडे गेला, मान खाली गेली. सगळी खोली ते बघत होती.

मेजर दारातून हलले नाहीत, सासऱ्याला आत येऊ दिलं नाही. तिच्याकडे न बघता म्हणाले, "बसून राह्य बाई. ठाण्यात उठाचं काम आमचं हाय."

ती उभीच होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती बसली. पदर खांद्यावर आला, तो तिनं तसाच राहू दिला. बाहेर सासऱ्याचा आवाज चढला, मग ठाणेदारांचा चढला, मग सासऱ्याचा उतरला. त्याचं आणि नवऱ्याचं पुढे कायद्यानं जे व्हायचं ते झालं.

पण त्या संध्याकाळी खरा प्रश्न वेगळाच होता. ठाणेदारांनी विचारलं, "ताई, तुम्हाला कुठे जायचं आहे?" ती सज्ञान होती, तिनं म्हणायचं आणि आम्ही सोडायचं. माहेर विचारलं, तर म्हणाली, "माय हाय. पण भाऊ परत आणून सोडते. मांगंही सोडलं होतं." यवतमाळला बायकांसाठी सरकारी निवारा आहे, पण तिथे आता उद्याच नेता आलं असतं. मी माझ्या खोलीवर नेते म्हणाले, तर मला रात्रीची ड्यूटी होती. तिनं एवढ्या मोठ्या जगात नाही म्हणायची जागा शोधली होती, हो म्हणायची जागा आमच्यापैकी कोणालाच दाखवता येईना.

मेजर बाहेर जाऊन फोनवर गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोलले. फार गयावया करून बोलले, म्हणजे बायकोशीच. ठाण्यामागेच त्यांचं क्वार्टर. थोड्या वेळात ती आली. ठेंगणी, घट्ट बांध्याची, कपाळभर कुंकू. तांड्यातले आमचे शिपाई तिला याडी म्हणत, म्हणजे आई, आणि मेजरांपेक्षा तिलाच जास्त भीत. ती थेट आतल्या खोलीत गेली. सकाळपासून काय झालं, हे मेजर मोठ्या थाटात सांगायला लागले: टेकडी, ट्रॅक्टर, बॅटरी. तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

"हे जेवली का?"

सकाळपासून आम्ही तिला शोधलं होतं, वरून बघितलं होतं, गाडीत घालून आणलं होतं, तिचं सगळं लिहून घेतलं होतं. ठाणेदार माझ्याकडे बघायला लागले, मी मेजरांकडे. मेजर तोवर दाराबाहेर पळाले होते.

समोरच्या टपरीवरून ते कागदात गरम आलुबोंडे घेऊन आले. बायको कडाडली, "दिवसभराच्या उपाशी पोटाले तेलकट आणलं? काही अक्कल? चाल वं बाई, घरी भाकर टाकते तुले, चाल." ती बोलत होती, मेजर मान खाली घालून ऐकत होते, ठाणेदार खिडकीतून बाहेर बघत होते.

त्या सुनेनं मात्र कागद पुढे ओढला. एक आलुबोंडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तळाची हिरवी मिरचीही खाल्ली. मग कागद चाचपून बघितला, तोंड पदराला पुसलं आणि मेजरांकडे सरळ बघून विचारलं, "आजून हाय का?"